वरचा उजवा कोपरा

२ जुलै

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. वाचनालयातली नोकरी छान चालली आहे, पण एक काळजी लागलीय. विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि भयकथांचं मी मांडलेलं कपाट नव्या अध्यक्षांच्या डोळ्यांत खुपतंय. ही भुताखेतांची रद्दी पोरांची डोकी बिघडवते, म्हणतात. वीस तारखेच्या बैठकीत कपाट आणि आमची रविवारची चर्चा, दोन्ही बंद करायचा ठराव येणार आहे.

त्या चर्चेला काय रंग चढतो म्हणून सांगू! गेल्या खेपेला भीती सर्वांत जास्त कशात वाटते, यावर जुंपली. नर्सबाई म्हणाल्या, रेडिओवरच्या नाटकात. नुसती पावलं वाजतात, चेहरा आपणच घडवतो. कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, व्हिडिओ गेममध्ये, कारण तिथे दार आपल्याच हाताने उघडावं लागतं. शिंपीकाकांनी पुस्तकाची बाजू लावून धरली. सिनेमाला मात्र कुणी वालीच नव्हता. तुम्ही तीस वर्षं थिएटरात ऑपरेटर होतात. बैठकीत वाचायला चार ओळी लिहून द्याल? नसलेलं जग बघता आलं तरच माणूस असलेलं बदलू धजतो, असं मला मनापासून वाटतं. पण माझं ऐकतो कोण!

आईला नमस्कार. उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
टकळी

९ जुलै

चि. टकळी हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आई म्हणते, घरात पहिली पदवी आली आणि पोर भुतांच्या नादी लागली.

मी चौथी शिकलेला, काय लिहू? खरं सांगायचं तर मी एकही सिनेमा धड पाहिलेला नाही. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकतो. तो दिसताच पुढचं रीळ चढवलेलं शेजारचं मशीन सुरू करायचं. चुकलं की पडदा पांढरा आणि शिट्ट्या. म्हणून नजर जन्मभर त्या कोपऱ्यावर.

एकदा अंतराळयानाच्या सिनेमात माझ्या हातून सहावं रीळ पाचव्याच्या आधी लागलं. यानाचा कप्तान मेला, आणि थोड्या वेळाने टेबलाशी बसून हसायला लागला. आता शिट्ट्या येणार, असं मला वाटलं. लोकांनी मात्र टाळ्या वाजवल्या! पुढच्या काळात मेलेले परत येत असतील, असं त्यांनी गृहीत धरलं.

दुसऱ्या दिवशी एक बाई केबिनच्या दाराशी आल्या. म्हणाल्या, भाऊ, कालच्यासारखाच लावाल का? त्यांचा मुलगा त्याच वर्षी गेला होता. ती चूक होती, असं मी सांगितलं. म्हणाल्या, ठाऊक आहे, तरी लावा.

मी लावला. मालकांनी झाप झाप झापलं. हे आजवर तुझ्या आईलाही बोललो नव्हतो. रद्दी कशाला म्हणायचं ते आता तुझे अध्यक्ष ठरवोत.

वेळेवर जेवत जा.
तुझे बाबा

२१ जुलै

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल जसंच्या तसं वाचलं. अध्यक्षांनी चष्मा पुसला. मग एवढंच विचारलं, की त्या बाई पुढे पुन्हा आल्या का. बाबांना विचारून सांगते, म्हटलं.

कपाट राहिलं, बाबा! चर्चाही. भयकथांचा खण तेवढा मुलांचा हात पुरणार नाही इतका उंच न्यायचा हुकूम आहे. मी खाली स्टूल ठेवलंय.

पाच ऑगस्टच्या रविवारी भिंतीवर अंतराळाचा सिनेमा दाखवणार आहोत. रीळ नाही, बदलायचं काही नाही. आईला घेऊन या.

तुमच्यासाठी खुर्ची धरून ठेवणारी,
टकळी

२७ जुलै

चि. टकळी हिस,
अनेक आशीर्वाद.

येतो. आईही येते, भूत आलं तर डोळे मिटून घेईन म्हणते.

अध्यक्षांना सांग, त्या बाई आणखी एकदा आल्या होत्या. तेव्हा रिळं नीट क्रमाने लागली होती. मी केबिनच्या काचेतून बघत होतो. कप्तान मेला, परत आला नाही. बाई शेवटपर्यंत बसून राहिल्या.

मला मधोमध बसव. अख्खा पडदा बघायचा आहे. नजर कोपऱ्याकडे गेली, तर चिमटा काढायला तुझ्या आईला सांगून ठेवलंय.

भेटीअंती बाकीचं बोलू.
तुझे बाबा