मिश्रीचे पार्सल

बऱ्हाणपूर
१२ डिसेंबर १९५०

चि. सौ. मालतीस आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही बरे आहोत. थंडी चांगलीच पडली आहे, पण तुझ्या नानांचा खोकला कमी आहे. जैनाबादहून रंभामावशी परवा वांगी देऊन गेली. तुझी चौकशी करत होती.

तुझे दोन ओळींचे कार्ड पोचले. दोन वर्षांनी लिहिलेस आणि मागितलेस काय, तर माझ्या हातची मिश्री! मी दातांना लावायला बसले की नाकाला पदर लावणारी तू. असले डोहाळे लपतात होय ग? कितवा महिना ते मात्र लिहिले नाहीस.

लगेच तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजली, कुटली, वस्त्रगाळ केली आणि डबीत भरून वरून फडके शिवले. नानांना घेऊन डाकखान्यात गेले. बाबूने पार्सल नाकाला लावले. म्हणाला, "माताजी, ये तो तमाखू है. अबकारीची चिठ्ठी आणा, नाहीतर टपालात घेता येत नाही." मी म्हटले, अरे, होळकरांचे राज्य विलीन झाले, इंदूर आता आपलेच, मग डबीभर मिश्रीला कसली चिठ्ठी? पण तो कायद्यावर अडून बसला.

मग सहज विचारले त्याने, "इंदूरला कोण आहे तुमचं?" मी ऐकलेच नाही असे दाखवून पार्सल पिशवीत घालू लागले. मागून नाना म्हणाले, "मुलगी आहे आमची." भरल्या डाकखान्यात, मोठ्याने म्हणाले.

तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. लग्न करून तू प्रकाशरावांना घेऊन दारात आलीस, त्या दिवशी कडी नानांनी लावली असे तू समजतेस. मीही तसेच समजू दिले. नाना तर दार उघडायला उठले होते. कडी मी लावली. गल्ली काय म्हणेल, एवढेच माझ्या डोक्यात होते. तू बाहेर हाका मारत होतीस आणि मी आत तांदूळ निवडत बसले. चुकले माझे.

निघताना बाबूला विचारलेच, हातात नेली तर? म्हणाला, घरच्या वापरापुरती खुशाल न्या. मग झाले तर. शनिवारी सकाळच्या गाडीने निघते, खंडव्याला गाडी बदलून संध्याकाळपर्यंत तुझ्याकडे. नाना यायला निघाले होते. मी म्हटले, आधी मी एकटी जाते. डबी उघडून वास घे हवा तेवढा, दातांना मात्र लावू देणार नाही.

प्रकाशरावांना आशीर्वाद सांग. जावई म्हणून पहिल्यांदाच लिहिते आहे.

दार उघडायचे की नाही ते तू ठरव. नाही उघडलेस तर ओट्यावर बसेन. तू तासभर उभी होतीस, मी त्याहून जास्त बसेन.

कडी लावणारी,
तुझी आई