नावाचा रकाना

कळमनुरी,
१४ जुलै २००५

प्रिय रेवती,

लातूरचं नवं घर लावून झालं असेल, मुलींच्या शाळाही सुरू झाल्या असतील. इकडे सगळं ठीक. हे अजून तहसीलमध्ये त्याच टेबलावर बसतात. पत्राला उशीर झाला असं म्हणायचीही सोय नाही, कारण मी तुला कधी पत्र लिहिलंच नाही. फोनवर आपण पाऊस आणि सगळ्यांच्या तब्येती बोलतो, आणि ठेवून देतो.

आमच्या दवाखान्यात कॉम्प्युटर आला हे तुला सांगितलं होतं. नांदेडचे उत्तमसिंग येऊन तो बसवून गेले. जुने सगळे केसपेपर त्यात भरायचे आणि मग कागद रद्दीत काढायचे, असं डॉक्टरांनी ठरवलंय. माझ्या खुर्चीमागे लोखंडी मांडणी आहे, तिच्यावर वर्षावर्षाचे गठ्ठे लाल कापडात बांधून ठेवलेले. कागद शोधायला मला कधी नंबर लागला नाही. माणूस दारात दिसला की त्याचं गाव आठवतं, आणि गावावरून कागद सापडतो. मशीन गाव शेवटी विचारतं. आधी नाव.

त्या नावाच्या रकान्यापुढे लाल फुली आहे. तो रिकामा ठेवला तर मशीन कागद जमाच करून घेत नाही. वय वर्षांत मागतं, त्यामुळे ज्यांचं वय दिवसांचं होतं त्यांना शून्य. अशांच्या कागदावर नाव नसायचंच, आईचं असायचं. बेबी ऑफ अमकी. बारशाआधी दवाखान्यात आलेली ती बाळं, काही बारसं न होताच गेलेली. उत्तमसिंगांना फोन करून विचारलं तर ते म्हणाले, नुसतं बेबी टाका ताई, चालतं. मी टाकत गेले. दिवसाला साठ-सत्तर कागद व्हायचे. नव्यापासून जुन्याकडे, एकेक वर्ष मागे. हात आपोआप चालायचा.

मग एक दिवस आमच्या आयाबाईंचे, रुख्मिणीबाईंचे, दोन कागद निघाले. त्या डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरच्या. कागद दोन वर्षांच्या अंतराचे, दोन्हींवर बेबी ऑफ रुख्मिणी. दुसरा भरला तर पडद्यावर पाटी आली, हा रुग्ण आधीच नोंदलेला आहे. मी काही विचार न करता ती मोठ्यानं वाचली. रुख्मिणीबाई तिथेच फरशी पुसत होत्या.

"एक न्हाई बाई, दोन लेकरं व्हती," त्या म्हणाल्या. "पयला खेमा. दुसरी रुपा. बराबर लिवा."

मी बेबी पुसून दोन्ही नावं लिहिली. मशीननं निमूट घेतली. रुख्मिणीबाईंना वाचता येत नाही, तरी फडकं हातात धरून त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग बादली उचलता उचलता त्यांनी विचारलं, "तुमच्या लेकराचं काय लिवलं?"

मी चौऱ्याण्णवच्या गठ्ठ्यापर्यंत पोचलेच नव्हते. तो कुठे आहे हे मात्र मला नऊ वर्षं माहीत आहे. खालून दुसरी फळी, डाव्या हाताला. मी इथे नोकरी धरली तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, गावात दुसरा दवाखाना नाही का गं? काय उत्तर दिलं ते आठवत नाही. त्या फळीकडे पाठ करून बसायचं, एवढंच मी करत आले.

परवा गठ्ठा सोडला. बेबी ऑफ वासंती मार्तंड. स्त्री. वजन दीड किलो. दिवसातून तीनदा घेतलेला ताप निळ्या शाईत लिहिलेला, नवव्या दिवशी फक्त सकाळचा. खाली सही. फार साधा कागद आहे, रेवती. मला रडू आलं नाही. मी पाणी प्यायले, खिडकी लावून घेतली आणि भरायला बसले. आईचं नाव, गाव, वजन. वय शून्य. नावापाशी आले, बेबी लिहिलं, पुसलं. तोवर साडेतीनशे बाळांना मी ते नाव दिलं होतं, एकदाही हात अडला नव्हता.

रात्री जेवताना यांना विचारलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. यांनी ताटातली नजर काढली नाही. "रेवतीला माहीत," एवढं म्हणाले आणि भात वाढून घेतला.

खरंच, आत्या तू होतीस. नाव तू ठरवलं होतंस, आणि पैठणी घेतल्याशिवाय सांगणार नाही म्हणून दादाला छळत होतीस. आठव्या दिवशी संध्याकाळी तू, बाळाला ठेवलं होतं त्या पेटीच्या काचेला नाक लावून उभी होतीस. एकदम माझ्याकडे वळलीस आणि म्हणालीस, वहिनी, तुला एकटीला सांगू का? तुझे ओठ उघडलेही होते. मी तुझ्या तोंडावर हात ठेवला. "बारशाला सांग," मी म्हटलं. "आधी सांगू नये." चारच दिवस राहिले होते. त्यानंतर तू त्याबद्दल कधी बोलली नाहीस. तू मला जपतेस असं मी इतकी वर्षं धरून चालले. आता वाटतं, तो हात मी काढलाच नाही.

महिनाअखेरीला गठ्ठे रद्दीत जातील. तिचा कागद मशीनमध्ये अजून गेलेला नाही. रोज सकाळी मी बाकीचे सगळे रकाने भरते, नावापाशी येते आणि सोडून देते. हे पत्र त्यासाठीच. पोस्टकार्डावर तेवढं नाव लिहून पाठव. खुशाली नको, समजूत नको. विसरली असशील तर तसं लिही, मला राग येणार नाही. पण आठवत असेल, तर आता सांगितलंस तरी चालेल.

तुझीच,
वासंतीवहिनी