दोष भाताला द्यावा, विहिरीला नव्हे

प्रति,
मा. अन्न तपासणी अधिकारी,
विभागीय कार्यालय, अंबरनाथ

अर्जदार : कैलास धोंडी भोईर, रा. बदलापूर गाव

विषय : हळदीच्या जेवणातील विषबाधेचा ठपका विहिरीवरून काढून आमच्या भातावर ठेवणेबाबत.
संदर्भ : आपण आमच्या अंगणात बसून लिहिलेला अहवाल.

महोदय,

१. अर्जदाराची मुलगी राजसी हिच्या हळदीचा भात सकाळीच शिजला. अर्जदाराची आत्या गोदूबाई हिने, "पाव्हन्यांना काय गार भात वाढू?" म्हणत टोपावर गोणपाट टाकून तो संध्याकाळपर्यंत कोमट ठेवला. ही चूक आमच्या घरची, अर्जदारास मान्य आहे. भात जेवलेले पाहुणे ओकून बेजार झाले. नुसते भाकरी-मटण खाणाऱ्यांना काही झाले नाही. विहिरीचे पाणी मात्र सगळेच प्यायले होते.

२. दुसऱ्या दिवशी आपण आलात. उरलेला भात वाफ येईस्तोवर तापवायला लावलात, तापवले की जंतू मरतात असे भाषण ठोकलेत, आणि नवऱ्या मुलाचे वडील हिंदुराव यांच्यासमोर ताटलीभर खाऊन दाखवलात. भात निर्दोष, विहीर दूषित, असे लिहून मोकळे झालात. विहिरीत डोकावण्याचीही तसदी घेतली नाहीत. जंतू मेले तरी त्यांनी भातात सोडलेले विष तापवून जात नाही, हे आम्हांला दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले. आपणांस ते ठाऊक नसेल, तर त्या खुर्चीत बसून आपण करता काय, असा अर्जदाराचा आदरपूर्वक प्रश्न आहे.

३. हिंदुरावांची पाठ फिरल्यावर, सही करून निघता निघता आपण तुळशीपाशी भडाभडा ओकलात. पाण्याची बाटली आपण घरून आणली होती, आमच्या पाण्याला तोवर शिवलाही नव्हतात. म्हणजे पोटाला बाधला तो भातच. बाटली संपली म्हणून चूळ भरायला मात्र विहिरीचेच पाणी मागितलेत, वर तांब्याभर प्यायलात, आणि अहवाल तसाच ठेवून गाडीत बसलात. याला निर्लज्जपणा म्हणतात.

४. आता हिंदुराव म्हणतात, विषारी पाण्याच्या घरची सून नको. राजसीने अंगाची हळद अजून धुतलेली नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असते. भाताची चूक लोक विसरतील. पाण्याचा बट्टा पोरीला जन्मभर चिकटेल.

तरी अहवाल दुरुस्त करून आम्हांस योग्य त्या गुन्ह्याचे दोषी ठरवावे. भात निर्दोषच असे आपले म्हणणे कायम असल्यास, हिंदुरावांसमोर पुन्हा जेवायला यावे. भात सकाळी शिजवून गोणपाटाखाली ठेवण्यास गोदूआत्या तयार आहे.

आपली वाट पाहणारा,
कैलास धोंडी भोईर
दि. १४ मे २०२५

सोबत : आपण अंगणात विसरलेली बाटली, आमच्या विहिरीचे पाणी भरून.