गुळाचा खडा आणि रविवारचा संदेश

चि. निवृत्ती,

लातूरहून तुझ्या थोरल्या भावाचा, अण्णारावचा, येशूच्या नावानं सलाम. तुझा गुडघा कसा आहे? पायऱ्या चढताना अजून वाजतो का? खोकला गेला, का तिथंच मुक्काम करून राहिला? तुझ्या पोराला, भागवतला, नोकरीत कायम केलं का? तुझी ती मोडक्या शिंगाची शेळी, मला पाहिलं की धोतराकडंच धावणारी, बरी असेलच. असल्यांना काही होत नसतं. (फोनवर विचारलं असतं, पण तू "बरं हाय" म्हणतोस आणि ठेवून देतोस.) आणखी एका गोष्टीची तब्येत विचारायची आहे, ती खाली येईल.

तुझी वहिनी ठणठणीत. माझी साखर मात्र वाढली आणि डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम भरेना. झालं, सूनबाईनं, आपल्या अक्षरानं, घरातला गूळ बंद केला. डबा कुलपात, किल्ली तिच्या पदराला, आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्या मन्मथला ताकीद, "मामा आले तर मीठ द्या." तो गडी मला लांबून पाहिलं तरी मिठाची पुडी पुढं करतो! आता गंमत बघ. ही पोर माझ्यासमोर कधी खाटेवर बसली नाही, मी आलो की डोईवर पदर, मला वाढल्याशिवाय स्वतः घास घेत नाही. आणि तीच माझ्या मुठीतून गूळ काढून घेते, तेही अगदी पदर सावरून.

अशात आमच्या चर्चचे पाळकसाहेब परगावी गेले आणि रविवारचा संदेश माझ्या गळ्यात पडला. विषय त्यांनीच देऊन ठेवलेला: देवाचं भय आणि देवावरची प्रीती. शाळा माझी चौथीतच सुटली, पण दाळमिलच्या पोत्यांवर बसून पवित्र शास्त्र वाचलेला माणूस मी, डगमगलो नाही. आधी भय घेतलं. असा आवाज चढवला की पुढच्या सतरंजीवरची लेकरं आयांच्या मांडीत शिरली, आणि पंचशीलाबाई, जिनं जन्मात मुंगी मारली नसेल, ती हुंदके द्यायला लागली. हे लई झालं म्हणून प्रीतीकडं वळलो. तर ती इतकी मऊ निघाली की संगप्पा भिंतीला टेकला, पाय लांब केले आणि घोरायला लागला! इकडं रडू, तिकडं घोरणं, मधे मी. घाम फुटला. पुसायला खिशातला रुमाल ओढला, तर त्याच्याबरोबर गुळाचा खडा बाहेर. (घसा सुकला तर असावा म्हणून ठेवलेला. कुठून आणला ते विचारू नको.) खडा घरंगळत बायकांच्या बाजूला गेला आणि बरोबर अक्षराच्या पायाशी थांबला.

मंडळींच्या माना खड्याकडं वळल्या. संगप्पासुद्धा जागा झाला. अक्षरा उठली, पदर घेतला, खडा उचलला आणि पुढं आली. मला वाटलं, गेली अब्रू. ती हळूच म्हणाली, "मामा, संदेश चालू द्या. गूळ माझ्यापाशी राहील." मग कोपऱ्यातलं स्टूल आणून माझ्यामागं ठेवलं, "बसून सांगा, पाय दुखेल." मंडळी हसली ती हसलीच. मी बसलो. कागद खिशात घातला आणि म्हणालो, "भय अन् प्रीती दोन पोत्यांत वेगळी भरायला गेलो होतो, बाबांनो, जमलं न्हाई. आत्ता ह्या पोरीनं काय केलं ते बघितलंत ना? तेवढंच." आमेन. (संदेश आखूड होता म्हणून आवडल्याचं पुष्कळांनी सांगितलं.)

घरी मात्र तिचा बांध फुटला. "पाय कापायची पाळी आणता का, मामा? मग आम्ही कुणाकडं बघायचं?" आवाज गल्लीभर गेला. रडत रडत ओरडली आणि ओरडत ओरडत जखम धुतली. निवृत्ती, मला अपमान नाही वाटला रे. आपण कुणाचे तरी आहोत, एवढंच वाटलं.

आता ती राहिलेली तब्येत. चांगुणाला माती दिली त्या दिवशी तू कबरीपाशी आभाळाकडं बघून ओरडलास, "तुला काय कमी होतं रे, माझीच बायको नेलीस?" तेव्हापासून तू चर्चची पायरी चढला नाहीस. भागवत सांगत होता, तू म्हणतोस, कोणत्या तोंडानं जाऊ, देवाला नको ते बोललो. अरे, परक्याशी कोण असं भांडतं? सुनेचा राग ह्या गूळचोर म्हाताऱ्याला पोटात घालता आला, तर त्याचं पोट काय माझ्याहून लहान हाय? आणि एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. ओरडत होतास तेव्हा तुझी टोपी तुझ्या हातात होती. प्रार्थनेला काढतो तशी, छातीशी धरलेली. एवढ्या रागातसुद्धा ती तू डोक्यावर चढवली नव्हतीस. मी बघितलं, त्यानंही बघितलंच असेल.

तुझा,
अण्णाराव

ता. क. उपकारस्तुतीच्या रविवारी ये, सगळे देवाला काही ना काही वाहायला आणतात तेव्हा. बोलायचं नसेल तर बोलू नको, त्याच्याशीही आणि माझ्याशीही. नुसता शेजारी बस.

आणखी ता. क. येताना तुमच्या किनवटच्या बाजारातून गुळाची लहानशी ढेप आण. धोतरात गुंडाळ. अक्षराला कळता कामा नये.

शेवटचा ता. क. (अक्षर वेगळं दिसेल.) धाकट्या मामांना अक्षराचा सलाम. पाकीट चिकटवायला मामांनी माझ्याकडंच दिलं. ढेप आणू नका. आणलीत तर मी ती उपकारस्तुतीत वाहून टाकीन. तुम्ही मात्र नक्की या, मामांच्या शेजारची जागा धरून ठेवते. आणि उत्तर लवकर लिहा. पोस्टमनची वाट बघत मामा दारातच उभे राहतात, त्यानं पाय सुजतो.