मागच्या खोलीतला सापळा

सोमवार
आले एकदाची! खोली छान हवेशीर आहे, आणि घरमालकीण मावशींनी सामान उचलायला स्वतः हात लावला. काम तर अगदी मनासारखं. मलेरियाचे डास कोणत्या पद्धतीने जास्त हाती लागतात ते पाहायचं. एकीत दिवा आणि पंखा असलेला सापळा पलंगाशी टांगतात. दुसरीत माणूस पाय उघडे टाकून बसतो आणि डास चावायच्या आत त्याला नळीने ओढून घेतो. तिसरी म्हणजे खोलीभर पांढऱ्या चादरी पसरून फवारणी करायची आणि पडलेले वेचायचे. साहेब म्हणाले, गोळ्या वेळेवर घे, म्हणजे डासांचं पोट भरलं तरी तुझं काही बिघडणार नाही. डास पकडणारे काका यावर इतके हसले की त्यांना ठसकाच लागला.

बुधवार
संध्याकाळी काका आणि मी मागच्या पायरीवर पाय पसरून बसलो. दोघांनाही भरपूर मिळाले. मागची खोली रिकामी असते, म्हणून तिथे तुलनेसाठी सापळा लावला होता. माणूस नाही तिथे रक्त प्यायलेले डास सापडायला नकोत. सकाळी सापळ्याची पिशवी काळी झाली होती. सगळ्या माद्या, तट्ट फुगलेल्या.

गुरुवार
तपासणीत त्यांच्या पोटातलं रक्त माणसाचं निघालं. साहेबांच्या मते मी पिशव्यांची अदलाबदल केली. म्हणून मग खोली बंद केली, फटींत कापूस कोंबला, पायांवरून पकडलेले उपाशी डास आत सोडले. तेही भरल्या पोटाने सापडले.
मावशींना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. तिथे माझा भाऊ झोपतो, म्हणाल्या. म्हणजे झोपायचा, तापाने गेला. सापळा काढते म्हटलं.
“राहू दे गं,” त्या म्हणाल्या. “तो लावल्यापासून त्याला जरा झोप लागते.”

शनिवार
फवारणी केली. पलंगावरही चादर घातली होती. दार उघडलं तर डास सगळीकडे पडलेले, फक्त पलंगाच्या मधोमध नाहीत. तिथे झोपलेल्या माणसाएवढी पांढरी जागा. डोकं, खांदे, पोटाशी घेतलेले पाय. काका दारातूनच परत फिरले.
वाटलं, आता आपण ओरडणार. ओरडले नाही. डास वेचले. नंतर जेवलेसुद्धा.

रविवार
काका यापुढे येणार नाहीत, त्यांच्या बायकोचा निरोप. मागच्या खोलीतली पिशवी रिकामी. मावशींनी तिथली गादी उन्हात टाकली आहे. तो उठला, म्हणतात. अंगात जरा त्राण आलं. कुठे गेला, ते मी विचारलं नाही.

सोमवार
साहेबांना फोन केला. काम पुरं कर, म्हणाले. बरं म्हटलं.
संध्याकाळ. पायरीवर एकटीच. वही मांडीवर. डास येतात — माझ्यावर बसत नाहीत. शेजारी बसतात. शेजारी कोणी नाही. हवेतच, एकाखाली एक, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत — पोटं लाल होत चाललीत —
उठायला हवं. पाय उचलत नाही. टाचणी टोचून पाहिली. काही नाही.
भीती वाटायला हवी होती.
तो सरकून बसला. त्याचा पाय माझ्या पायाला — उबदार आहे. गार आहे तो माझा —