बाबांना रिझवताना

६ जानेवारी
बाबांना हॉस्पिटलमधून नाते गावी घरी आणलं. पक्षाघात. वाचा गेली, उजवी बाजू गेली. समजतं मात्र सगळं. डॉक्टर म्हणाले, शांतता हवी आणि मन प्रसन्न ठेवा. दुसरी गोष्ट माझ्यावर सोडा. महाड-पोलादपुरात लग्न असो की क्रिकेटची टूर्नामेंट, माईक माझ्याच हातात असतो.

७ जानेवारी, सकाळी
शब्दकोश काढला. ‘रिझवणे : मन प्रसन्न करणे, खूश करणे.’ वापराचं उदाहरण मीच पेनने लिहिलं : दीपेशने आजारी वडिलांना रिझवले. संकल्प : रोज दोन तास.

११ जानेवारी
विनोद, नकला, जुन्या फायनलची कॉमेंट्री. हसले नाहीत. आयुष्यभर शेतावर मुकाट राबले, बिचाऱ्यांना सवयच नाही. तीन तास करावेत.

१५ जानेवारी
बाबांनी डावा हात हलवला. टाळीच ती. बायको म्हणाली, थांब म्हणतायत. सारिकाला ऑडियन्स कळत नाही. ती जवळ बसून नुसते तांदूळ निवडते, तर बाबांना झोप लागते. बोअर होत असणार.

२३ जानेवारी
स्पीकर आणला. चांगूकाका, बाबांचे धाकटे भाऊ, जरा दमानं घे म्हणून सांगून गेले. जळतात. बाबा हल्ली भिंतीकडे तोंड करून असतात. खाट फिरवून घेतली.

२ फेब्रुवारी
पहाटे बाबा गेले. कालचा किस्सा अर्धा राहिला. जीव त्यातच अडकला असणार.

११ फेब्रुवारी, सकाळी
दहावा. नदीकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. काहीतरी इच्छा राहिली असणार. ती पुरी करतो असं सांगायचं. मी सांगितलं, जमीन विकणार नाही. सारिकाशी भांडणार नाही. कावळे जागचे हलेनात. मग हुकमी एक्का : बाबा, किस्सा पुरा करतो, दर महिन्याला नवीन सांगतो. जवळ आलेला एक कावळाही उडून पलीकडे जाऊन बसला. ऊन चढलं. भटजी घड्याळ बघू लागले.

चांगूकाका पुढे झाले. हात जोडून हळूच म्हणाले, “दादा, दीपेश आता काय बोलायचा नाय. मी हाय. तू सुखानं जा.”

कावळा लगेच शिवला.

दुपारी
कावळ्याला भूक लागली असेल, असं लिहिलं आणि खोडलं. सव्वीस दिवस मी बाबांना छळलं. त्यांना उठून जाताही येत नव्हतं. फार रडू आलं. घरात कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर टॉवेल धरून रडलो.