अर्धा मिलिमीटर आणि एक मोठा शब्द

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, माझ्या खोलीत पलंग आणि टेबल यांच्यामध्ये चौऱ्याहत्तर सेंटिमीटर जागा आहे, मोजली).

घडलं ते असं:

१. सोमवारी मी एका चार मजली इमारतीची जुनी लिफ्ट तपासली.
२. अहवालात शेऱ्याच्या रकान्यात 'मॅग्निफिसंट' असं लिहिलं.
३. मंगळवारी साहेबांनी अहवाल परत केला.
४. लिफ्टला कुलूप लागलं.

मी बरी आहे. तुमचा गुडघा कसा आहे हे मागच्या तिन्ही पत्रांत विचारलं होतं, तरी पुन्हा विचारते.

आता सविस्तर. त्या रकान्यात तीनच शेरे चालतात: समाधानकारक, असमाधानकारक, लागू नाही. (वर्षभर माझं सगळं बोलणं या तिन्हींवर भागतं. खानावळीतसुद्धा.) पण ही लिफ्ट एकतीस वर्षांची, आणि प्रत्येक मजल्याला फरशीशी अशी येऊन थांबते की फरक अर्धा मिलिमीटर. आम्हाला दहा चालतो. माझीच मोजपट्टी चुकत असेल म्हणून मी तीनदा मोजलं. चौथ्यांदा मोजायला कारण उरलं नाही, तेव्हा तो शब्द लिहिला. साहेबांनी शांतपणे विचारलं, हे कशात मोजतात? प्रश्न रास्त होता. शुक्रवारपर्यंत लेखी खुलासा द्या, नाहीतर शब्द काढा, तोवर लिफ्ट बंद, असं ठरलं.

ही लिफ्ट पहिल्या दिवसापासून एकटे मिस्त्रीकाका सांभाळतात. अहवालावर त्यांचीही सही लागते, म्हणून शेरा त्यांना वाचून दाखवला होता.

"मॅडम, म्हणजे ठेवायची का बदलायची?"

मी म्हटलं, ठेवायची. मग तुमची भाची असल्यामुळे तिथेच थांबता आलं नाही. सांगितलं की शब्द मूळचा लॅटिन, दोन तुकड्यांचा. पहिल्याचा अर्थ मोठं, दुसऱ्याचा करणं.

"मोठं कुठलं? चारच माणसं मावतात. त्यातला एक जाड असला तर तीन."

मी म्हटलं, आकाराचं नाही. राजवाडे आणि झुंबरं या शब्दाच्या वाट्याला पुढे आली. आधी तो, ज्याच्या हातून मोठं काम होतं, त्या माणसाबद्दल होता. हातातल्या फडक्याने, आधीच पुसलेलं दाराचं हँडल काकांनी पुन्हा पुसलं.

तर मामा, तुम्ही चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलंत. या शब्दाचा अर्थ आणि उगम चार ओळींत लिहून, खाली सही करून पाठवा, म्हणजे खुलाशाला जोडता येईल. शिवाय तो माझ्याकडे आला तुमच्याकडूनच. नऊ वर्षांची असताना मी तुमच्या दाराला बॅटरीवरची घंटा बसवली होती. ती वाजली, आणि चाळीस मिनिटं थांबेना. मामी कानात कापूस घालून पोळ्या लाटत होत्या, शेजारचे दार ठोठावत होते, आणि तुम्ही त्या सगळ्यावर आवाज चढवून तो एकच शब्द म्हणालात. (नोंद: त्यानंतर तो मला कुणी म्हटलेला नाही. तक्रार नाही, नोंद आहे.)

तुमची भाची

ता. क. १: शब्द मी बुधवारीच काढला. चौथ्या मजल्यावरच्या आजी दोन दिवस खाली उतरू शकल्या नव्हत्या. आता शेरा 'समाधानकारक' आहे आणि लिफ्ट चालू आहे. त्यामुळे वर मागितलेल्या चार ओळी कचेरीला नको आहेत.

ता. क. २: रद्द झालेला कागद मिस्त्रीकाकांनी मागून घेतला. चार घड्या घालून वरच्या खिशात ठेवला.

ता. क. ३: शब्दाचं मूळ मला माहीत आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तुम्ही दिलेला शब्दकोश टेबलावरच आहे. त्या पानावर तुमच्या पेन्सिलीची खूण आहे आणि पोळीच्या पिठाचा एक डाग. मामी गेल्यापासून तुमचं पत्र नाही. घर फार शांत झालं असेल. इथेही शांतच आहे. लिहायला काही सुचत नसेल तर एक शब्द पुरे. फक्त 'समाधानकारक' नको.

उत्तर येत्या शनिवारच्या आत, म्हणजे बावीस तारखेपर्यंत, माझ्या हातात पडेल असं टाकावं.